ध्रुपद धरणाऱ्यांना सांभाळणं



काल हरिपाठ आटोपल्यावर मंडपाच्या मागं तिघं जण भेटायला आले. एक शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई, एक गावच्या भजनी मंडळाचे चालक, आणि तिसरे बँडपथकाचे मास्तर. तिघांचं गाऱ्हाणं एकच. "महाराज, माणसं जमतात, पण एकजीव होत नाहीत. एक पुढं पळतो, एक मागं रेंगाळतो, एकाचा आवाज फाटतो. सांगायला जावं तर रुसून बसतात. करावं काय?" मी म्हटलं, उद्या सेवेत बोलू. आता बँडचं शास्त्र मला कळत नाही, बरं का. टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहण्यात आणि नंतर टाळकऱ्यांच्या पुढं उभं राहण्यात जन्म गेला, तेवढ्या शिदोरीवर बोलतो. बसेल ते घ्या, उरेल ते इथंच ठेवा.

पहिली गोष्ट, आपल्याकडं पुढं उभा राहणारा हा मागून तयार होतो. तुकोबारायांनी स्वतःच्या आयुष्याची हकिकत सांगणारा जो अभंग केला, त्यात ते झाकून ठेवत नाहीत. सुरुवातीला कीर्तन करायचो पण चित्ताला त्याचा सराव नव्हता, असं स्वतःच सांगतात. मग केलं काय? संतांची वचनं विश्वासानं पाठ केली आणि पुढं जे गात होते त्यांच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं. जगद्गुरू! आणि ध्रुपद धरायला मागं उभे! पुढं त्यांच्याही मागं चौदा टाळकरी उभे राहिले, अशी परंपरा आहे. संताजी महाराज जगनाडे त्यातले, गंगारामपंत मवाळ त्यातले. हे नुसते टाळ कुटणारे नव्हते; तुकोबांच्या मुखातून निघालेला अभंग कागदावर उतरवून घेणारे हे हात होते. टाळकरी म्हणजे कोण, ते एवढ्यावरून ओळखा.

आणि कीर्तनात तो करतो काय? मी चरण म्हणतो, निरूपण करतो, दोन दृष्टांत देतो, दम संपतो. तेवढ्यात मागून ध्रुपद उचललं जातं. त्या अर्ध्या मिनिटात मी श्वास घेतो, घोटभर पाणी पितो, पुढचं प्रमाण आठवतो. लोक म्हणतात, महाराज दोन तास बोलले. अहो, दोन तास महाराजांना उभं कोणी ठेवलं? मागच्यांनी. त्यांचा श्वास उसना घेऊन मी बोलतो. ज्याला हे उमगलं नाही त्यानं पुढं उभं राहू नये, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

आता मंडळींचा प्रश्न घेऊ, एकजीव का होत नाही.

वारीत दिंडी कशी चालते ते डोळ्यापुढं आणा. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी, आणि त्यांच्या मागं तुळस घेतलेल्या, पाण्याची कळशी घेतलेल्या आयाबाया. समजा पहिल्या पताकेपासून शेवटच्या म्हातारीपर्यंत अंतर आहे पस्तीस मीटर. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे पुढं वाजलेला टाळ मागं पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागला. तुम्ही म्हणाल, दहाव्या हिश्शानं काय होतं? भजन द्रुतात चढलं की सेकंदाला चार-चार ठोके पडतात. म्हणजे दोन ठोक्यांतलं अंतरच पाव सेकंद. त्यातला दहावा हिस्सा म्हणजे निम्म्याच्या जवळ गेलं की नाही? मागचा ऐकून वाजवतो आणि उशिरा पडतो. त्याचा टाळ परत पुढं येईपर्यंत आणखी दहावा हिस्सा. पुढचा म्हणतो मागचे ओढतात, मागचा म्हणतो पुढचे पळतात. दोघांचे कान खरं सांगताहेत, आणि दोघं भांडताहेत! दोष कुणाचाच नाही, दोष अंतराचा आहे.

मग आपल्या जुन्या माणसांनी यावर उपाय काय केला? त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं, पण डोळे होते. प्रकाशाला असा उशीर लागत नाही. म्हणून टाळ छातीशी धरून वाजवायचा नाही, हात वर उचलून वाजवायचा, मागच्याला दिसला पाहिजे. म्हणून पावली. लोकांना वाटतं पावली म्हणजे नाच. नाच तर आहेच, आनंदच आहे तो. पण शंभर पाय एकदम पडताना दिसले की शेवटच्या रांगेतल्या माणसाला कानावर विसंबावं लागत नाही. तेव्हा मास्तर, तुमच्या पथकात मागची पोरं चुकतात म्हणून त्यांना "नीट ऐका" सांगू नका. "नीट ऐका" म्हटलं की ती आणखी उशिरा पडतील. "माझ्या हाताकडं बघा" सांगा. आणि मग तुमचा हात बघण्यासारखा ठेवा. काही चालक हात असा हलवतात की माशा हाकलताहेत की सम दाखवताहेत, कळत नाही.

हीच अडचण आता कर्ण्यांनी दुप्पट केली आहे. शंभर मीटरवर खांबाला बांधलेला कर्णा टाळकऱ्यांकडं तोंड करून असला, तर त्याचा आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरानं परत येतो. त्यात साउंडवाला पोरगा हौसेनं एको चढवतो. महाराजांचा आवाज गुहेतून आल्यासारखा वाटला की त्याला धन्य वाटतं. सेवेला उभं राहण्याआधी मी पहिलं काम करतो ते हेच, त्या पोराला जवळ बोलावून, खांद्यावर हात ठेवून सांगतो, बाळा, एको बंद कर आणि तो कर्णा लोकांकडं फिरव. चिडून सांगितलं तर तो मधेच परत चालू करतो, हा अनुभव.

लय का पळते, हे दुसरं. उत्साहानं पळते. आवाज वाढला की लय वाढते, हे माणसाच्या अंगातच आहे. आता तुम्ही काय करता? "हळू! हळू!" म्हणून ओरडता. ओरडून कधी कोणी हळू झालंय का? मृदंगाचार्यांकडं नुसतं बघावं आणि हात खाली करावा. ते बोल, परण सोडून साध्या भजनी ठेक्यावर येतात. आवाज उतरला की लय आपोआप बसते. एवढं व्हायला मृदंगाचार्य आणि तुम्ही यांच्यात सलगी हवी. कीर्तन सुरू व्हायच्या आधी त्यांच्याजवळ जाऊन बसावं. ते डाव्या पुडीला कणीक लावत असतात, गट्टे ठोकून सूर चढवत असतात, त्या वेळी दोन शब्द बोलावेत. पावसाची हवा असली की चामडं सैल पडतं, लावलेला सूर अर्ध्या तासात उतरतो. त्यांना परत लावायला मधे वेळ लागेल हे आधीच मनाशी धरावं. तेवढी सवड न देता त्यांच्याकडं डोळे वटारणारे गायक मी पाहिलेत. मृदंगाचार्य हा काही तुमचा गडी नव्हे.

चालत्या दिंडीत तर लयीचा हिशेब आणखी वेगळा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. विणेकऱ्यानं सकाळच्या गारव्यात द्रुत भजन लावलं की पावलं पण द्रुत पडतात. पुढचे तरणे, त्यांना काय! पण मागं तुळस डोक्यावर घेतलेली सत्तर वर्षांची माउली असते, ती अर्धी पळत, अर्धी चालत येते. रांगेत फट पडते, फट भरायला तिला आणखी पळावं लागतं. मी ज्यांच्या हाताखाली वाढलो ते आमचे विणेकरीबुवा दर अभंगाला एकदा मागं वळून बघायचे. मला वाटायचं, कुणाला शोधताहेत? एकदा विचारलं, तर म्हणाले, "शेवटची बाई तोंड उघडून श्वास घेते का नाकानं, ते बघतो. तोंड उघडलं की चाल बदलायची." बस्स, एवढंच. त्यांच्या गळ्याला फार गोडवा नव्हता. पण त्यांच्या दिंडीत कधी कुणी मागं पडलं नाही.

माउलींच्या पालखीला दिंड्यांची ही शिस्त लावून दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी. शिंदे सरकारच्या पदरचे ते सरदार, शिस्त अंगात मुरलेली. रथापुढं सत्तावीस दिंड्या, मागं कितीतरी, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. तुम्ही वारी केली असेल तर संध्याकाळची समाजआरती पाहिली असेल. तळावर पालखी येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळमृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि चोपदार चोप वर करतो. एका क्षणात सगळं गप्प! हजारो टाळ हातात, आणि वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. बँडमास्तर, एवढं मोठं पथक एका काठीवर थांबलेलं तुम्ही दुसरीकडं पाहिलंय का?

पण मला त्यातलं खरं कौतुक पुढच्या गोष्टीचं आहे. सगळे गप्प झाल्यावर एखादी दिंडी टाळ वाजवतच राहते. बेशिस्त म्हणायचं का? नाही! त्या दिंडीचं काहीतरी गाऱ्हाणं आहे, पाण्याचं असेल, जागेचं असेल, कुणाशी तंटा झाला असेल. चोपदार त्यांच्याकडं जातो, त्यांचं म्हणणं ऐकून घेतो, मालकांच्या कानावर जातं, निवाडा होतो. मग तेही टाळ थांबवतात, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि मग आरती. आरतीच्या आधी गाऱ्हाणं, लक्षात आलं का? थांबवण्याचा अधिकार ज्याच्या हातात, ऐकून घेण्याचं ओझंही त्याच्याच डोक्यावर. तुमच्या मंडळात रुसवे होतात म्हणता ना चालकबुवा, तुम्ही तालमीच्या आधी पाच मिनिटं कुणाचं काही ऐकता का? की आल्या आल्या पेटी उघडून सूर धरता?

आता शिकवण्याकडं येतो, बाईंचा प्रश्न तोच होता.

अनेकांना एकत्र शिकवणं ही काही कमी दर्जाची गोष्ट नाही. पूर्वी गाणं गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, एकेकट्यानं शिकायचं असे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं. ते कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचे चिरंजीव, हे आपण विसरतो. कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला समुदायाचं भय वाटत नाही! इकडं आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था उभी केली. तिथंही मुलं एकत्र बसूनच पाठांतर करतात. तेव्हा समुदायात शिकवता येतं. फक्त त्यात एक खोट आहे. दोन जोरकस गळे दहा कच्चे गळे झाकून टाकतात. आणि सगळ्यात जोरकस गळा कोणाचा? शिकवणाऱ्याचा!

म्हणून सांगतो, शिकवताना तुम्ही गाणं थांबवा. चाल दोनदा नीट म्हणून दाखवा, मग तोंड मिटा. तुम्ही बरोबर गात राहिलात तर पोरं तुमच्या आवाजाच्या खांद्यावर बसून येतात, आणि तुम्हाला वाटतं त्यांना चाल आली. कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही खांदा काढता आणि सगळी धडाधड खाली. मी आता दोन-दोन पोरांना उभं करून म्हणायला लावतो. एकट्याला लावत नाही, एकटा घाबरतो. दोघांत धीर येतो, आणि मला दोघंही वेगवेगळे ऐकू येतात.

आणि घाई नको. आधी नुसत्या हाताच्या टाळीवर ध्रुपद. मग जागेवर पाय. मग टाळ. काही लोक पहिल्याच दिवशी पोराच्या हातात टाळ देतात, तो बिचारा दोन्ही तोंडं समोरासमोर सपाट आपटतो, मधे हवा कोंडते आणि टाळ थप्प करून मरतो. मग त्याला वाटतं माझा टाळच खराब. किंचित तिरका, काठावर काठ सरकेल असा लागला की नाद सुटतो. हे तोंडानं सांगून कळत नाही, त्याच्या मनगटाला धरून दोन-चारदा करून घ्यावं लागतं.

आता आवाजाचं. इथं मला जरा थांबावं लागेल.

आपल्या संप्रदायात उंच सुराची ओढ फार. काळी चार, काळी पाच. मोकळ्या मैदानात, कर्णे नव्हते तेव्हा, उंच आवाजच लांब जायचा, म्हणून ती रीत पडली असावी असं मला वाटतं. ज्याला तो सूर लाभलाय त्यानं जरूर गावं. पण मुलगा बारा ते पंधराच्या वयात आला की त्याचा गळा बदलतो. घाटी पुढं येते, आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. त्या उतरणीच्या दिवसांत गळा कधी वर जातो, कधी खाली, मधेच फुटतो. तो त्याचा अपराध नाही, देहधर्म आहे. त्या दिवसांत त्याला खालच्या सप्तकात गुणगुणू द्यावं, टाळ हातात ठेवावा, उंच ओढायला लावू नये. दुखत असलं तर गाऊच देऊ नये.

हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. कळायला मी तेव्हा फार मोठा झालो होतो ना, नाव झालं होतं!

एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. मंडप भरलेला. मागं डाव्या रांगेत तिसरा एक पोरगा, चौदा वर्षांचा असेल. दोन वर्षं माझ्याकडंच चाली शिकायला येत होता, पाठांतर चोख. त्या रात्री ध्रुपद वर गेलं की त्याचा आवाज फुटायचा. एकदा फुटला, दोनदा फुटला. तिसऱ्यांदा मी हात वर केला, कीर्तन थांबवलं, आणि माईकवरून म्हणालो, "हे फुटकं मडकं कुणी आणलंय रे रांगेत?" मंडप हसला. हजार माणसं हसली, बायाबापड्या हसल्या, मीही हसलो. विनोद जमला म्हणून मी पुढचं निरूपण जोरात केलं. मागं वळलो तेव्हा रांगेत एक जागा मोकळी होती. टाळ खाली सतरंजीवर ठेवलेला, दोरी नीट गुंडाळून.

ती गुंडाळलेली दोरी मला अजून दिसते. रागानं टाकला असता तर बरं वाटलं असतं.

तो परत आला नाही. मी बोलावणं पाठवलं नाही. लहान पोर आहे, येईल, म्हणालो. सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पहाऱ्याचा नवा माणूस येतो, आधी उभ्या असलेल्याच्या पाया पडतो, मग आपल्या गळ्यात विणा घेतो. लाकडाचा विणा खाली टेकू नये म्हणून आपण इतकी काळजी घेतो. त्या रात्री माझ्यासमोर एक जितं पोर खाली ठेवलं गेलं, आणि मी गजर करत होतो.

आता हल्ली हे जास्त चाललंय, म्हणून उघड बोलतो. टाळकऱ्याला, पेटीवाल्याला माईकवर टोचून बोलायचं, लोक हसतात, कुणीतरी मोबाईलवर घेतं, ते सगळीकडं फिरतं. महाराज विनोदी आहेत अशी कीर्ती होते. ज्याला टोचलं तो घरी जाऊन बायकोपोरांसमोर काय तोंड दाखवत असेल? त्याला उलट बोलता येत नाही, कारण व्यासपीठ तुमचं आहे. चूक सांगू नका असं मी म्हणत नाही. चूक सांगितलीच पाहिजे, न सांगणं हा दुसरा अपराध. पण कीर्तन चालू असताना नुसती नजर, फार तर हाताची खूण. बाकीचं सगळं नंतर, जेवणाच्या पंगतीत शेजारी बसवून, हळू. आणि ज्या दिवशी चुकला त्याच दिवशी सांगावं. आठ दिवसांनी सांगितलं तर त्याला आठवत नाही, फक्त लागतं.

त्या पोराची पुढची गोष्ट सांगून थांबतो. वीसेक वर्षं झाली असतील. वारीत आमच्या दिंडीच्या सामानाचा ट्रक घेऊन एक गडी आला. तंबू, भांडी, माणसांच्या वळकट्या, सगळं त्याच्या गाडीत. पहिल्या मुक्कामाला पाया पडला तेव्हा मी ओळखलं. त्यानं काही दाखवलं नाही. चार मुक्काम गेले. मग एक दिवस विसाव्याला मीच त्याच्या ट्रकपाशी गेलो आणि म्हटलं, "माझं चुकलं होतं रे. एक दिवस रांगेत उभा राहा." तो म्हणाला, "महाराज, गाडी सोडता येत नाही." बस्स. टायरला हात लावून बघू लागला. मी परत फिरलो.

गेल्या साली तो त्याच्या मुलाला घेऊन आला. म्हणाला, "ह्याला चाली शिकवा. घरी दिवसभर ताटंवाट्या बडवतो." मी हो म्हटलं. जाता जाता दारात थांबला. "महाराज, चुकला तर लोकांत बोलू नका. मागाहून सांगा."

पोरगा आता डाव्या रांगेत उभा असतो. टाळ छान लागतो त्याचा, पण लय पळवतो. त्याला मी शेवटच्या तुळशीवाल्या मावशींच्या पुढं चालायला लावतो, म्हणजे पळाला तर त्यांना कळतं आणि त्या त्याच्या खांद्यावर बोट ठेवतात. परवा सकाळी काकड्याला त्याचा आवाज थोडा घोगरा लागला. तेरावं सरलंय त्याचं. मी पेटीवाल्यांना सांगितलं, उद्यापासून ध्रुपद दोन सूर खाली घ्या. ते म्हणाले, महाराज, लोकांना रंग चढणार नाही. म्हटलं, नाही चढला तर नाही चढला.

रामकृष्णहरी.